दोन सावकाश, एक हलकी

१

संस्थेत त्यांना सगळे पट्टेकाका म्हणत. पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकून तिच्याभोवती फिरत राहिलेल्या प्रोटॉनांचा एक पट्टा आहे, आणि या गृहस्थांनी त्या पट्ट्यापायी उभी हयात घालवली होती, म्हणून हे नाव. त्यातही वरचा भरभक्कम पट्टा त्यांनी इतरांना देऊन टाकला होता. स्वतःकडे ठेवली होती ती फक्त खालची कड, जिथे हवा सुरू होते आणि प्रोटॉन तिला धडकून संपायला लागतात. ही कड मोठी चावट. सूर्य तापला की हवा फुगते आणि खालचे प्रोटॉन खाऊन टाकते. सूर्य निवला की ते पुन्हा खाली भरतात. शिवाय एके ठिकाणी पृथ्वीचं चुंबकत्वच अशक्त आहे, तिथे पट्टा खळग्यात उतरल्यासारखा आणखी खाली येतो. अवकाशस्थानक रोज काही वेळा त्या खळग्यातून जातं. तेवढ्या मिनिटांत आतल्या माणसांच्या अंगातून किती प्रोटॉन जातील, हे पट्टेकाकांचं मॉडेल सांगायचं.

मॉडेल म्हणजे शेवटी सरासरी. अमुक उंची, अमुक जागा, अमुक दिशा, तर साधारण इतके प्रोटॉन. एकेकटा प्रोटॉन कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. पत्र्यावर थेंब पडतात तसे ते पडतात, वाटेल तेव्हा, कुणाला न विचारता. पट्टेकाकांना या बेशिस्तीची मनापासून आवड होती. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, आदल्या दिवसाची मोजणी मॉडेलशी ताडून बघायची, दोन्ही जुळली की चहा घ्यायचा, आणि नाही जुळली तरी चहा घ्यायचा. असा सुखी माणूस तुम्हाला शोधून सापडला नसता.

गेले काही महिने या सुखाला एक काळजीची किनार होती. त्यांची एकुलती एक मुलगी आता त्याच स्थानकावर होती, चौघांच्या तुकडीत. तिला ते घुबड म्हणत, कारण जन्मल्यापासून तिनं आईबापांना धड झोपू दिलं नव्हतं.

२

त्या आठवड्यात पट्टेकाकांच्या हातून एक चूक झाली. ही चूक त्यांच्या धंद्यातलीच माणसं करू शकतात.

पट्ट्याच्या जुन्या मोजण्या ज्या काळात झाल्या, त्या काळच्या चुंबकत्वाबरोबरच त्या वाचायच्या, असा नियम आहे. कारण चुंबकत्व वर्षागणिक थोडंथोडं दुबळं होतंय. जुन्या मोजण्यांना नवं चुंबकत्व लावलं, तर कागदावरचा पट्टा आहे त्याहून खाली घसरतो. पट्टेकाका हा नियम नव्या पोरांना पहिल्या दिवशी दटावून सांगत. आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःच नुसतं नवं नाही, तर पुढच्या शतकातलं वर्ष घालून नकाशा काढला.

पडद्यावर पट्टा खाली आला, हवेतून आरपार उतरला आणि जमिनीला टेकला. तांबडा डाग दूरवर पसरला होता आणि त्याच्या एका टोकाखाली त्यांचं स्वतःचं शहर होतं.

शेजारच्या टेबलावर काटेवाले बसत. स्थानकावरची मोजणीयंत्रं ते सांभाळायचे. माणूस देहानं दारात न मावणारा, आणि डुलकी काढणाऱ्यांचा कट्टर शत्रू. त्यांनी खुर्ची मागे ढकलून पडदा पाहिला.

"काका, हे काय? प्रोटॉन आता भाजी आणायला खाली उतरणार?"

"उतरू देत की. पिशवी देऊ हातात."

दोघं हसले. पट्टेकाकांनी नकाशा पुसून टाकला आणि वर्ष दुरुस्त केलं. हवेचा एवढा जाडजूड थर भेदून पट्ट्यातला एक प्रोटॉनसुद्धा जमिनीवर पोचत नाही, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं.

३

सुट्टीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडदा लावून मुलीशी बोलायचं, हा घरचा रिवाज झाला होता. काकूंना, म्हणजे पट्टेकाकांच्या बायकोला, पहिली पाच मिनिटं मिळत. जेवतेस का, केस किती वाढलेत, वगैरे. मग बाप बसायचा.

त्या दिवशी मुलीचा चेहरा टवटवीत होता. डोळ्यांखालची जन्मजात काळी वर्तुळं गेली होती.

"बाबा, मी झोपते आहे," ती म्हणाली. "खरंच. छान गाढ. तुमच्या खळग्यात शिरलो की डोळा लागतो."

"खळग्यात? तिथे तर ठिणग्या दिसतात तुम्हा लोकांना."

ठिणग्यांत नवल काही नव्हतं. डोळ्यांतून प्रोटॉन गेला की मिटल्या पापण्यांआड उजेड चमकतो. वर जाऊन आलेला प्रत्येक जण ते सांगतो.

"तेच तर सांगते आहे. आधी त्या कशाही यायच्या. आता ओळीनं येतात. दोन सावकाश, एक हलकी. मग थांबतात. पुन्हा दोन सावकाश, एक हलकी. बाबा, तुम्ही मला असंच थापटायचात ना?"

काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या.

पट्टेकाका असंच थापटायचे. या पोरीला मांडीवर घेऊन ते पहाट करायचे. पाठीवर दोन सावकाश थापा, एक हलकी, मग हात तसाच ठेवून थांबायचं. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या आईनं त्यांना तसंच थापटलं होतं, ते अंगातच राहिलं होतं.

"योगायोग असतो तो," ते म्हणाले. "घड्याळाची टिकटिकसुद्धा काहीतरी बोलतेय असं वाटतं माणसाला. आपलं डोकंच तसं आहे."

"असेल. पण इथे सगळ्यांनाच तसं वाटतंय. आमचा कप्तान तर पहाऱ्याच्या वेळी घोरत होता."

ती मनापासून हसली. आपली मुलगी इतकी निवांत हसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांना आनंद झाला, पण पडदा बंद केल्यावर त्यांनी टेबलावर बोटानं ती चाल एकदा वाजवून पाहिली.

४

पट्टेकाका शास्त्रज्ञ होते. शंका आली की ती तपासायची, हा त्यांचा धर्म.

स्थानकावर झोपायच्या जागेला लागून एक मोजणीयंत्र होतं. त्याचे आकडे मॉडेलला मिनिटाच्या सरासरीनं मिळत, आणि त्या सरासरीत काहीच वावगं नव्हतं. त्यांनी काटेवाल्यांकडून कच्चे आकडे मागितले. काटेवाल्यांनी त्या आकड्यांचे आवाज करून दिले, एका प्रोटॉनाला एक टिचकी. पट्टेकाकांनी त्याच टिचक्या उलटसुलट पिसून दुसरी फीत केली. एक खरी, एक पिसलेली. कुठली कुठली ते फक्त त्यांनाच माहीत.

"दोन्ही ऐका, आणि वेगळी कुठली वाटते सांगा. उगाच हो ला हो करू नका."

"मी कधी केलंय?" असं म्हणून काटेवाल्यांनी कानाला यंत्र लावलं.

भर सकाळ होती. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, बाहेर कोणीतरी शिडी ओढत नेत होतं. पहिली फीत ऐकताना काटेवाले जांभईसुद्धा न देता बसून राहिले. ती पिसलेली होती. दुसरी सुरू झाली. थोड्या वेळानं त्यांचे खांदे उतरले. मान कलली. या माणसानं संस्थेत कित्येक झोपाळूंना खुर्च्यांवरून उठवलं होतं, आणि तो आता तोंड किंचित उघडं ठेवून, गालावर हसू घेऊन झोपला होता.

पट्टेकाकांनी त्यांच्या कानाचं यंत्र हळूच काढलं. त्यातून येणारा आवाज त्यांनाही ऐकू आला. टिचक्या दाट होत, विरत. पुन्हा दाट होत, विरत. मग एक विरळ झुबका. मग काहीच नाही. त्यांनी आवाज बंद केला.

काटेवाले दचकून जागे झाले आणि लाजले.

"माफ करा काका. काय झालं कळलंच नाही. आईची आठवण आली एकदम." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पण मधे मधे ते थांबत होतं ना, तेव्हा मी जागाच असायचो बरं का. पण जागा आहे हे कळू द्यावंसं वाटत नव्हतं."

"कुणाला कळू द्यावंसं?"

काटेवाल्यांनी विचार केला. "ते काही सांगता यायचं नाही," ते म्हणाले.

५

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचा नवऱ्याच्या प्रोटॉनांवर फारसा विश्वास नव्हता, पण मूल झोपवण्याची माहिती पक्की होती.

"त्यात काय एवढं? सगळी माणसं साधारण तशीच थापटतात."

"बरं. पण मग मधे थांबायचं कशाला?"

"अहो, असं काय विचारता? तुम्हीच नाही का थांबायचात? मूल झोपलं की नाही ते बघायला."

"आणि झोपलं असलं तर?"

"तर उचलायचं आणि आत नेऊन ठेवायचं," काकू म्हणाल्या आणि पुढची चादर उचलली. घडी अर्धी झाल्यावर त्यांचे हात थांबले. मग काकूंनी घडी पुरी केली, कारण अर्धी टाकून चालणार नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मुलगी पडद्यावर आली ती हसतच.

"आज गंमत झाली. खळग्यातून जाताना आम्ही चौघंही झोपलो, आपापल्या जागी. आणि जागे झालो तेव्हा सगळे एकाच खोलीत. ओळीनं, एकाशेजारी एक. इतकं उबदार वाटत होतं म्हणून सांगू."

"तरंगत गेला असाल," पट्टेकाका म्हणाले. "हवेच्या झोतानं माणूस झरोक्यापाशी जाऊन अडकतो. तूच सांगितलं होतंस."

"हो, तसंच असणार." ती जरा थांबली. "पण मी अंगाला पट्टा बांधून झोपते, बाबा. बांधला होता, मला आठवतंय. आणि मी परत गेले तेव्हा तो सुटलेला नव्हता, सोडून नीट गुंडाळून ठेवलेला होता."

तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. लहानपणी शाळेतून येऊन दिवसभरातलं सांगायची, तसं ती सांगत होती.

"आम्ही मुदत वाढवून मागतोय," ती म्हणाली. "चौघंही. तुमचा आकडा आला की झालं."

६

तो आकडा पट्टेकाकांच्या टेबलावरून जायचा होता. आणखी अर्धं वर्ष वर राहिलं तर अंगात प्रोटॉनांचं किती प्रारण जाईल, ते मर्यादेत बसतं का. त्यांनी हिशेब केला. आरामात बसत होतं. कुठल्याही प्रामाणिक माणसानं होकार दिला असता.

त्यांना खोटं लिहिता येत नव्हतं. ओढाताण म्हणजे काय ते त्यांना त्या दुपारी कळलं. पोरीला जन्मात पहिल्यांदा झोप मिळत होती, ती तोंड भरून मागत होती, आणि बापाकडे नाही म्हणायला एक शहाणं कारण नव्हतं. भीती वाटते, हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं?

शेवटी त्यांना खालच्या कडेनंच हात दिला. तिथे कुठलंही मॉडेल दुपटीनं चुकू शकतं, हे सगळ्यांना मान्य असतं, आणि सगळे मधला आकडा घेऊन मोकळे होतात. पट्टेकाकाही आजवर तेच करत आले होते. या वेळी त्यांनी वरचा घेतला. तो मर्यादेच्या पलीकडे जात होता. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

विभागप्रमुख बाईंनी कागद वाचून चष्म्यावरून पाहिलं. "काका, इतके सावध तुम्ही कधीपासून झालात?"

"मुलगी वर आहे, बाई."

बाईंनाही मुली होत्या. त्यांनी सही केली.

चौघंही खाली येणार ठरलं, पुढची तुकडी जायला अवकाश होता, म्हणून स्थानक मधले काही दिवस रिकामं राहणार होतं. पट्टेकाकांचा जीव भांड्यात पडला. मुलगी रुसली, दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःच म्हणाली, "असू दे बाबा. तुम्ही आहातच की तिथे थापटायला."

७

ती उतरली, तपासण्या झाल्या, सगळं ठणठणीत निघालं. घरी सोडणार त्या सकाळी पट्टेकाका नुसते तोंड दाखवायला म्हणून संस्थेत गेले.

काटेवाल्यांनी त्यांना हात करून बोलावलं. "काका, खूशखबर. तुमचं ते थापटणं बंद झालं."

"म्हणजे?"

"रिकाम्या स्थानकातले आकडे बघा. प्रोटॉन तेवढेच आहेत, पण निव्वळ थेंब. चाल नाही, काही नाही. चौघं निघाले त्याच फेरीपासून." त्यांनी पडदा फिरवला. "यंत्रातच काहीतरी असणार. माणसांच्या हालचालीनं व्हायचं असेल."

पट्टेकाकांनी आकडे पाहिले. बेशिस्त, सुंदर, जसे असायला हवेत तसे. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते जिना एकेक पायरी गाळून उतरले. खालच्या दारापाशी पोचल्यावर मात्र ते थांबले. बंद झालं, हे ठीक. पण चौघं निघाले आणि ते बंद झालं, याचा अर्थ बंद झालं असाच होतो का, हे त्यांना कळेना. त्यांनी डोक्यातून ते झटकलं आणि मुलीला आणायला गेले.

८

दुपारी जेवणं झाली. इतके महिने तरंगून आलेल्या मुलीला स्वतःचे हातपाय जड वाटत होते. ती बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून, चादर ओढून आडवी झाली. समोरच्या खुर्चीत काकूंचा चष्मा नाकावर घसरला होता. पडद्यांतून पिवळा उजेड येत होता. घर भरलेलं होतं, आणि पट्टेकाकांना देवाकडे मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ते आत जाऊन दोन कप चहा घेऊन आले आणि उंबऱ्यात थबकले.

"बाबा," मुलगी झोपेतच बोलली, "जरा जोरात थापटा ना."

त्यांच्या दोन्ही हातांत कप होते. ते दिवाणापासून चांगली सात-आठ पावलं लांब होते.

चादर पाठीवर दबली आणि उठली. दबली आणि उठली. मग जराशी दबली. आणि दबलेलीच राहिली. चादरीवर चुण्या पडल्या होत्या, त्या एका बाजूनं पसरत गेल्या होत्या, पाच की सहा, त्यांनी मोजल्या नाहीत. दिवाणाजवळ कोणी नव्हतं. काकू संथ श्वास घेत होत्या.

ते थांबलंय, पट्टेकाकांना कळलं. बघतंय.

त्यांनी कप खाली ठेवले. सांडले नाहीत, आवाजही केला नाही. चार ढांगांत दिवाण गाठून ते काठावर बसले आणि चादर दबली होती नेमका तिथे आपला तळवा ठेवला. ती जागा गरम होती. त्यांनी थापटायला सुरुवात केली. दोन सावकाश, एक हलकी. दोन सावकाश, एक हलकी. मधे थांबायचं नाही. या मुलीपाशी तिचं माणूस बसलेलं आहे, ते झोपलेलं नाही, हे ज्याला कळायचं त्याला कळू दे.

"हां," मुलगी पुटपुटली. "आता बरोबर."

तिला उठवावं, असं त्यांच्या मनात आलं. पण ती इतकी गाढ झोपली होती, आणि इतक्या वर्षांनी. थोडा वेळ झोपू दे, मग उठवू. हात चालूच होता.

ऊन पडद्यावरून सरकलं. गल्लीत कोणीतरी खिळे ठोकत होतं, तो आवाज केव्हातरी बंद पडला. मग गाड्यांचाही. शेजारी एक तान्हं मूल दिवसभर किरकिरायचं, तेही निजलं असावं. अख्ख्या गल्लीत कोणी जागं असल्याची खूण उरली नाही. पट्टेकाकांना तो पुसून टाकलेला नकाशा आठवला, जमिनीला टेकलेला तांबडा डाग. त्यात फक्त वर्ष चुकलं होतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याची भीती वाटायला हवी होती तितकी वाटली नाही.

खांदा भरून आला होता. पापण्या जड झाल्या होत्या. आपला हात चालू आहे की थांबलाय, हे त्यांना नक्की कळत नव्हतं. बघायला हवं होतं, पण डोळे आपसूक मिटले होते, आणि मिटल्या डोळ्यांआड लख्ख काहीतरी चमकून गेलं.

मग त्यांच्या पाठीवर थाप पडली. सावकाश. पुन्हा एक, सावकाश. मग एक हलकी. आई गेल्यापासून त्यांना कुणी असं थापटलं नव्हतं. बरं वाटलं, फार बरं वाटलं. जागं राहायचं आहे, एवढं त्यांना आठवत होतं. कशासाठी, ते आत्ता आठवेल म्हणून ते स्वस्थ बसून राहिले.

पाठीवरचा हात तसाच राहिला, आणि थापटणं थांबलं.